स्वस्त चहाचा अव्हेर

अमेरिकेतील वसाहतींवर इंग्रज सरकारने चहाचा कर वाढविला, त्यामुळे चहा महाग झाला, म्हणून बोस्टनच्या लोकांनी तो समुद्रात बुडविला आणि तेथूनच त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धास तोंड लागले, असे आम्ही इतिहासाच्या तासाला वर्षानुवर्षे सांगत आलो. एके वर्षी एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "गुरुजी, चहाचा भाव कितीने वाढला होता?" त्याच्या वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते, तेव्हा त्यास ही शंका येणे स्वाभाविकच होते. आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. उत्तर ठाऊक नसले म्हणजे शिक्षक जे करतात तेच आम्ही केले. "नसत्या चौकशा नकोत, खाली बस," असे म्हणून त्यास गप्प केले.

सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर सापडले. भाव वाढला नव्हता. तो उतरला होता. ज्या १७७३ सालच्या कायद्यावरून एवढे रणकंदन माजले, त्या कायद्याने अमेरिकेतील चहा पूर्वीपेक्षा स्वस्त होणार होता. दारात चालून आलेला स्वस्त माल लोकांनी का नाकारला, हे समजून घेतल्यावाचून त्या लढ्याचे मर्म कळावयाचे नाही. मंडळाच्या चिटणीसांनी ह्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक विषय मागितला, तेव्हा त्या मुलाचे राहिलेले देणे येथेच फेडावे, असे आमच्या मनाने घेतले.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे सुमारे पंचवीस लक्ष लोक राहात, आणि त्यांपैकी सुमारे पाच लक्ष आफ्रिकेतून आणलेले गुलाम व त्यांची संतती होती. (हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याची गरज लागेल.) प्रत्येक वसाहतीचे स्वतःचे विधिमंडळ होते आणि कर बसविण्याचा अधिकार त्या मंडळाकडे होता. गव्हर्नर बहुधा राजाने नेमलेला असे. पण त्याचा पगार मंजूर करणे बहुतेक ठिकाणी विधिमंडळाच्या हाती होते. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु पुढील सारे रामायण तिच्यावरच घडले. ज्याच्या हातून पगार घ्यावयाचा त्याचे मन सांभाळावे लागते, हा अनुभव कोणत्याही खात्यात काम केलेल्या माणसास असतोच.

१७६३ साली फ्रान्सबरोबरचे सात वर्षांचे युद्ध संपले. इंग्लंडचा जय झाला, पण राष्ट्रीय कर्ज बारा कोटी पौंडांच्याही वर गेले. अमेरिकेत ठेवावयाच्या फौजेचा खर्च अमेरिकनांनीच काही अंशी सोसावा, असे लंडनच्या मुत्सद्द्यांस वाटू लागले. आणि न्यायाने पाहता ह्यात अगदीच वावगे काही नव्हते. चूक झाली ती मागण्याच्या रीतीत. विधिमंडळांकडे पैसा मागण्याऐवजी पार्लमेंटने १७६५ च्या मार्चमध्ये परस्पर मुद्रांकाचा कायदा केला. दस्तऐवज, वर्तमानपत्रे, पंचांगे, इतकेच नव्हे तर खेळावयाचे पत्ते व फासे ह्यांवरही सरकारी मुद्रा हवी, असा दंडक झाला. ज्या पार्लमेंटात आमचा एकही प्रतिनिधी बसत नाही, तिला आमच्या खिशात हात घालण्याचा अधिकार नाही, असे वसाहतींचे म्हणणे पडले. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्क येथे जमले. मुद्रांकविक्रेत्यांस धाकदपटशा होऊन त्यांनी पटापट राजीनामे दिले, आणि १ नोव्हेंबर रोजी कायदा अमलात यावयाचा त्या दिवशी मुद्रांक विकावयास जवळजवळ कोठेच माणूस उरला नाही. १७६६ च्या मार्चमध्ये कायदा रद्द झाला. मात्र रद्द करता करता पार्लमेंटने दुसरा एक कायदा करून ठेवला, तो असा की, वसाहतींसंबंधी वाटेल त्या बाबतीत कायदा करण्याचा आमचा हक्क अबाधित आहे. भांडणाचे बी असे जपून ठेवले गेले.

पुढल्याच वर्षी, १७६७ मध्ये, अर्थमंत्री टाउनशेंड ह्याने काच, शिसे, रंग, कागद व चहा ह्यांवर जकात बसविली. चहावर ती रत्तलामागे तीन पेन्स होती. ह्या जकातीच्या उत्पन्नातून गव्हर्नर व न्यायाधीश ह्यांचे पगार परस्पर देता यावेत, अशी तजवीज होती. म्हणजे पगाराची जी दोरी लोकांच्या हाती होती ती कापावयाची होती. कर लहान होता. त्याने करावयाचे काम मोठे होते.

ह्या वेळी लोकांनी जे शस्त्र उचलले ते आपल्याकडील वाचकांस परके वाटणार नाही. विलायती माल आणावयाचा नाही, विकावयाचा नाही, वापरावयाचा नाही, असे करार गावोगावच्या व्यापाऱ्यांनी केले. बायकांनी चरखे बाहेर काढले. धर्मोपदेशकांच्या घरी जमून दिवसभर सूत कातावयाचे व संध्याकाळी ते सूत त्यांच्या स्वाधीन करावयाचे, अशा बैठका न्यू इंग्लंड भागात ठिकठिकाणी झाल्या. घरी विणलेले जाडेभरडे कापड अंगावर घालणे हे भूषण ठरले. चहाऐवजी रासबेरीची पाने, पुदिना आणि कसली कसली झाडपाल्याची औषधे उकळून पिण्यात येऊ लागली. ती चवीला कशी लागत असतील ह्याची कल्पना काढ्याची सवय असलेल्या आमच्या पिढीस करता येईल. आपल्याकडे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारास हातसुताची वस्त्रे नेसून गेले. त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी अटलांटिकच्या पलीकडे हाच विचार दुसऱ्या माणसांनी केला होता.

बोस्टन शहरात १७६८ च्या ऑक्टोबरमध्ये फौज उतरली. ५ मार्च १७७० च्या रात्री पहाऱ्यावरील शिपाई व जमाव ह्यांच्यात बाचाबाची होऊन गोळीबार झाला व पाच माणसे मेली. पहिला पडला तो क्रिस्पस अ‍ॅटक्स हा आफ्रिकन रक्ताचा खलाशी. ह्या प्रसंगाचे वर्णन सर्व पुस्तकांतून सापडते, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही. मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या गोऱ्या शिपायांचे वकीलपत्र घेण्यास कोणी धजेना, तेव्हा लोकपक्षाचाच पुरस्कर्ता जॉन अ‍ॅडम्स, जो पुढे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला, त्याने ते घेतले. आठ शिपायांपैकी सहा निर्दोष सुटले व दोघांस सदोष मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डाग देण्याची शिक्षा झाली. त्यांचा कप्तानही वेगळ्या खटल्यात सुटला. आपल्याच लोकांचा रोष पत्करून शत्रूस न्याय मिळवून देणारा माणूस ज्या चळवळीत असतो, त्या चळवळीचा पाया कच्चा नसतो, असे आमचे मत आहे.

बहिष्काराने इंग्लंडातील व्यापारी हवालदिल झाले. १७७० मध्ये सर्व जकाती उठल्या. एकट्या चहावरील तेवढी हक्काची निशाणी म्हणून ठेवली. तीन वर्षे प्रकरण थंड पडल्यासारखे झाले. लोक चोरून आलेला डच चहा पीत आणि जकातीचा प्रश्न नसल्यासारखा वागत. ह्या शांततेत एकच माणूस स्वस्थ नव्हता, तो बोस्टनचा सॅम्युअल अ‍ॅडम्स. व्यापारात बुडालेला, अंगावर धड कोट नसलेला हा गृहस्थ पत्रे लिहिण्यात मात्र अथक होता. १७७२ च्या नोव्हेंबरात त्याने बोस्टनच्या नगरसभेकडून पत्रव्यवहार समिती नेमविली. गावोगावी अशाच समित्या स्थापन व्हाव्यात व त्यांनी एकमेकींस हकीकत कळवीत राहावे, एवढेच तिचे काम. पुढील वर्षी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने सर्व वसाहतींमध्ये अशी समिती असावी, असा ठराव केला. तोफ नाही, तलवार नाही. फक्त चिटणीस, दौत, लेखणी आणि घोडेस्वार जासूद. मंडळाचे चिटणीसपद ज्यांनी भूषविले आहे त्यांस ह्या कामाचे मोल अधिक समजेल.

आता चहाकडे वळू; पण त्यासाठी प्रथम बंगालमध्ये यावे लागेल.

ज्या ईस्ट इंडिया कंपनीने आपला देश गिळला, तीच कंपनी हा चहा विकत होती. चहा चीनचा होता. आसामच्या चहाचा त्या वेळी व्यापारात पत्ताही नव्हता. १७६५ मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली. पैशाचा पूर येईल, असे लंडनच्या भागीदारांस वाटले. प्रत्यक्षात लूट नोकरांच्या घरी गेली, लढायांचा खर्च वाढला, आणि १७७० मध्ये बंगालमध्ये असा दुष्काळ पडला की, प्रांतातील निदान तिसरा हिस्सा माणसे मेली असावीत, असे वॉरन हेस्टिंग्जने स्वतः लिहून ठेवले आहे. त्यातही शेतसाऱ्याची वसुली थांबली नाही. १७७२ मध्ये लंडनची सावकारी पेढी कोसळू लागली, तेव्हा कंपनीचे दिवाळे निघण्याची पाळी आली. वखारींत सुमारे एक कोटी सत्तर लक्ष रत्तल चहा न खपता पडून होता. सरकारने कंपनीला चौदा लक्ष पौंड कर्ज दिले आणि १७७३ च्या मे महिन्यात चहाचा कायदा केला.

कायद्याची खुबी अशी होती. आजवर कंपनीने चहा लंडनमध्ये लिलावाने विकावा, तेथील जकात भरावी, मग व्यापाऱ्यांनी तो अमेरिकेस न्यावा, असा क्रम होता. आता कंपनीने तो थेट अमेरिकेस पाठवावा व इंग्लंडातील जकात तिला परत मिळावी, असे ठरले. मधले दलाल गेले, विलायतेतील जकात गेली. राहिली ती अमेरिकेतील रत्तलामागे तीन पेन्सची. चहा चोरट्या डच चहाच्या बरोबरीस, किंबहुना त्याच्याही खाली येणार होता. पंतप्रधान लॉर्ड नॉर्थची अटकळ सरळ होती. स्वस्त चहा समोर आला की हक्क-बिक्क कोणी आठवीत नाही. एकदा चहा पोटात गेला म्हणजे जकातही गळ्याखाली उतरली, आणि जकात उतरली म्हणजे पार्लमेंटचा अधिकार मान्य झाला.

माझ्या त्या विद्यार्थ्यास हे सांगावयास हवे होते. कर जाचक झाला की कोणीही ओरडतो. कर जाणवेनासा करून हक्क काढून घेतला जात असताना जो ओरडतो, त्यास राजकारण कळते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. विरोध करणारे सगळेच हरिश्चंद्राचे अवतार नव्हते. चोरटा चहा आणणाऱ्या व्यापाऱ्यांचा धंदा ह्या कायद्याने बसणार होता. कंपनीने विक्रीसाठी जे अडते निवडले त्यांत मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर हचिन्सन ह्याचे दोन मुलगे होते, आणि ज्यांची निवड झाली नाही ते चिडलेले होते. तथापि केवळ धंद्याच्या चिडीने हजारो माणसे थंडीत सभेस जमत नाहीत. आणखी एक भीती त्यांच्या मनात होती, आणि ती आपल्यास विशेष महत्त्वाची आहे. फिलाडेल्फियाचा वकील जॉन डिकिन्सन ह्याने १७७३ च्या नोव्हेंबरात टोपण नावाने प्रसिद्ध केलेल्या पत्रात लोकांस बजावले की, ज्या कंपनीने आशियात लूट व दुष्काळ माजविला, तिची नजर आता अमेरिकेकडे वळली आहे. बंगालच्या रयतेचे हाल अटलांटिक ओलांडून पोचले होते, आणि तेथील शेतकऱ्यास आपले भविष्य त्यांत दिसत होते. बंगालच्या मृतांसाठी त्या वेळी जगात कोणी फारसे अश्रू ढाळले नाहीत. पण त्यांच्या मरणाने दुसरे कोणी सावध झाले, एवढे खरे.

२८ नोव्हेंबर १७७३ रोजी 'डार्टमथ' हे जहाज चहा घेऊन बोस्टनच्या बंदरात आले; पाठोपाठ 'एलिनॉर' व 'बीव्हर' आली. नियम असा की, वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल सरकारजमा व्हावयाचा. एकदा सरकारजमा झाला की लिलाव, आणि लिलाव झाला की जकात वसूल. चहा न उतरविता जहाजे परत न्या, असे लोकांचे मागणे होते. जकात भरल्याच्या दाखल्याशिवाय जहाज सोडणार नाही, असे गव्हर्नरचे उत्तर होते. १६ डिसेंबर हा अखेरचा दिवस. ओल्ड साउथ ह्या प्रार्थनामंदिरात सुमारे पाच हजार लोक जमले. शहराची सारी वस्तीच सोळा हजारांच्या आसपास होती, ह्यावरून त्या गर्दीची कल्पना यावी. 'डार्टमथ'चा मालक फ्रान्सिस रॉच ह्यास परवाना मागण्यासाठी गव्हर्नरच्या मिल्टन येथील घरी पाठविले. बिचारा हिवाळ्याच्या दिवशी काही कोस घोडदौड करून अंधार पडल्यावर नकार घेऊन परत आला. सभा संपली, आणि शेदीडशे माणसे मोहॉक इंडियनांसारखी तोंडे रंगवून धक्क्याकडे निघाली.

सुमारे तीन तासांत ३४० च्या आसपास पेट्या फोडून समुद्रात रिकाम्या केल्या गेल्या. चहा ९२ हजार रत्तलांहून अधिक भरला आणि कंपनीने त्याची किंमत ९,६५९ पौंड सांगितली. त्या रात्रीचा शिस्तीचा भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. चहावाचून दुसऱ्या मालास हात लागला नाही. एक कुलूप फुटले ते भरून देण्यात आले. एका इसमाने कोटाच्या अस्तरात चहा भरण्याचा प्रयत्न केला, तो पकडला जाऊन त्याची चांगलीच धिंड निघाली. ओहोटी असल्याने चहाचे ढीग जहाजांच्या कडेला साचले, तेव्हा दुसऱ्या दिवशी होड्यांतून जाऊन वल्ह्यांनी तो बुडवावा लागला. न्यूयॉर्क व फिलाडेल्फियाकडे निघालेली चहाची जहाजे परत फिरविण्यात आली, तर चार्ल्स्टन येथे चहा उतरवून तळघरात कोंडून ठेवला गेला. परक्याच्या मालाची नासाडी सर्वांनाच मानवली असे नाही. लंडनमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँक्लिनने कंपनीस भरपाई द्यावी, असा सल्ला बोस्टनकरांस दिला होता. तो त्यांनी मानला नाही.

पार्लमेंटने १ जून १७७४ पासून बोस्टनचे बंदर बंद केले व मॅसॅच्युसेट्सची सनद मोडून टाकली. एका गावास उपाशी ठेवले म्हणजे बाकीचे बारा प्रांत गप्प बसतील, असा हिशेब होता. तो फसला तो त्या पत्रव्यवहार समित्यांमुळे. दक्षिण कॅरोलिनातून तांदूळ आला. कनेक्टिकटमधून इस्रायल पुटनम नावाचा शेतकरी-योद्धा मेंढ्यांचा कळप हाकीत स्वतः बोस्टनला आला. सप्टेंबरात फिलाडेल्फिया येथे बारा वसाहतींचे प्रतिनिधी जमले (जॉर्जिया तेवढा आला नाही) आणि २० ऑक्टोबर १७७४ रोजी त्यांनी जो करार केला, त्यास त्यांनी 'असोसिएशन' हेच नाव दिले. आपण ज्यास मंडळ किंवा संघ म्हणतो तेच ते.

हा करार आम्ही प्रथम वाचला तेव्हा आश्चर्य वाटले. १ डिसेंबरपासून विलायती माल आणावयाचा नाही, आणि गाऱ्हाणी दूर न झाल्यास पुढल्या सप्टेंबरपासून आपला मालही पाठवावयाचा नाही, हे अपेक्षित होते. पण त्यापुढे मेंढ्यांची पैदास वाढवावी, टंचाईचा फायदा घेऊन दुकानदारांनी भाव चढवू नयेत, घोड्यांच्या शर्यती, कोंबड्यांच्या झुंजी व नाटके बंद करावीत, अशी कलमे येतात. आणि एक कलम मृत्यूप्रसंगीच्या खर्चाविषयी आहे. त्या लोकांत कोणी वारले की अंत्यविधीस आलेल्यांस हातमोजे व उपरणी वाटण्याची रूढी होती. तिच्यापायी घरे कर्जात बुडत. सुतकात पुरुषाने काळी फीत व स्त्रीने काळी फीत आणि माळ एवढेच वापरावे, हातमोजे वाटणे बंद करावे, असे त्यात लिहिले आहे. तेराव्याची जेवणे आणि लग्नातील मानपान ह्यांवर आपल्या ज्ञातिसभांनी आजवर किती ठराव केले व त्यांचे काय झाले, हे वाचक जाणतातच! तेथे ठराव पाळले गेले. इंग्लंडातून ह्या वसाहतींत १७७४ मध्ये सुमारे २६ लक्ष पौंडांचा माल गेला होता. १७७५ मध्ये तो दोन लक्षांवर आला.

उत्तर कॅरोलिनातील ईडेंटन गावी ऑक्टोबर १७७४ मध्ये एक्कावन्न स्त्रियांनी आपल्या सह्यांनिशी असाच निश्चय जाहीर केला. लंडनच्या पत्रांत त्यांची चेष्टा झाली, व्यंगचित्र निघाले. बायकांनी राजकारणाच्या कागदावर सही करावी, हेच तेथील लोकांस हास्यास्पद वाटले. परंतु चुलीपाशी काय शिजावे व अंगावर काय नेसावे हे ज्यांच्या हाती, त्यांच्यावाचून बहिष्कार एक दिवसही चालला नसता.

आता ठराव पाळले कसे गेले, हे सांगणे प्राप्त आहे, आणि येथे आमचे मन थोडे कचरते. करारात असे कलम होते की, प्रत्येक परगण्यात, शहरात व गावात समिती निवडावी, तिने सर्वांच्या वर्तनावर नजर ठेवावी, आणि जो करार मोडील त्याचे नाव छापून त्याच्याशी सर्व व्यवहार तोडावेत. अशा समित्यांवर सुमारे सात हजार माणसे होती, असा इतिहासकारांचा अजमास आहे. शुद्ध मराठीत ह्यास वाळीत टाकणे म्हणतात. ज्याने चोरून चहा विकला त्याच्या दुकानी कोणी जाईना; ज्याने राजाची बाजू घेतली त्याचे धान्य दळावयास कोणी तयार होईना. कित्येकांनी भर बाजारात माफी मागितली. आणि कोठे कोठे गोष्ट त्याही पलीकडे गेली. १७७४ च्या जानेवारीत जॉन माल्कम नावाच्या जकात अधिकाऱ्यास बोस्टनच्या जमावाने कडाक्याच्या थंडीत उघडे करून अंगास डांबर फासले, पिसे चिकटविली आणि गाडीतून गावभर फिरविले. त्याच दिवशी ह्या माल्कमने जॉर्ज ह्यूझ नावाच्या गरीब चांभाराचे डोके काठीने फोडले होते. हा ह्यूझ स्वतः चहा बुडविणाऱ्यांपैकी एक. पण माल्कमचे हाल पाहून त्याने त्याच्या अंगावर पांघरूण टाकण्याची धडपड केली, असे त्याने पुढे नव्वदी ओलांडल्यावर सांगितले आहे.

आपल्या समाजात वाळीत टाकण्याचे शस्त्र कोणाविरुद्ध चालले, ह्याचा विचार केला म्हणजे ह्यूझचे पांघरूण आठवते. परजातीत लग्न केलेल्या मुलीच्या बापावर, विधवेस पुन्हा उभी करणाऱ्या भावावर, पंचांस जाब विचारणाऱ्या तरुणावर जुन्या पंचायतींनी ते चालविले; बलाढ्यावर क्वचितच. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरला, ते योग्यच झाले. अमेरिकन वसाहतींनी ते शस्त्र जगातील सर्वांत बलाढ्य सत्तेविरुद्ध उपसले. पण ते उपसताना शेजाऱ्यासही कापले. युद्ध संपेपर्यंत राजनिष्ठ म्हणवणारे सुमारे साठ हजार लोक घरदार सोडून कॅनडा, इंग्लंड व अन्यत्र गेले. त्यांत लोभी होते, तसे केवळ शपथ मोडावयाची नाही म्हणून गेलेलेही होते. आम्ही वर्गात ह्यांचा उल्लेख कधीच केला नाही.

युद्धाची हकीकत थोडक्यात आटोपतो. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन व काँकर्ड येथे पहिल्या गोळ्या सुटल्या. जूनमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन सेनापती झाला. १७७६ च्या जानेवारीत टॉमस पेनची राजेशाहीवर घाव घालणारी पुस्तिका निघाली आणि तोवर गाऱ्हाणी सांगणारे लोक स्वातंत्र्य बोलू लागले. ४ जुलै रोजी जाहीरनामा मंजूर झाला. १७७७-७८ चा हिवाळा व्हॅली फोर्ज येथे काढताना वॉशिंग्टनच्या छावणीत सुमारे दोन हजार माणसे रोगराईने दगावली. साराटोगा येथे ऑक्टोबर १७७७ मध्ये एक इंग्रज सैन्य शरण आल्यावर फ्रान्सने उघड हात दिला, आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिसने शस्त्रे ठेवली. प्रकृतीचे निमित्त सांगून तो स्वतः समारंभास आला नाही; तलवार देण्यास दुसऱ्यास पाठविले.

ह्याच वर्षांत आपल्या सह्याद्रीतही इंग्रजांशी युद्ध चालू होते. १७७५ ते १७८२ हा पहिल्या इंग्रज-मराठे युद्धाचा काळ. वडगावास इंग्रजांनी हात टेकले ते १७७९ च्या जानेवारीत. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच गृहस्थ नाना फडणिसांच्या भेटीस पुण्यात आला, तेव्हा कलकत्त्याच्या इंग्रजांची झोप उडाली ती अमेरिकेतील घडामोडींमुळेच. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला आणि पुढील वर्षी, ३ सप्टेंबर १७८३ रोजी, पॅरिसच्या तहाने अमेरिका स्वतंत्र झाली. यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि १७९१-९२ च्या टिपूवरील मोहिमेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन ह्यांच्या फौजा त्याच्या साथीस होत्या! अमेरिकेत तेरा प्रांतांनी एकमेकांस पत्रे लिहिली. येथे तेवढेच झाले नाही. दुसऱ्या खेपेस आलेला कॉर्नवॉलिस १८०५ मध्ये गाझीपूर येथे वारला. त्याची कबर तेथे आहे.

आता सुरुवातीस सांगितलेला तो आकडा. पंचवीस लक्षांत पाच लक्ष गुलाम. १७७४ च्या करारात गुलामांची आयात बंद करण्याचे कलम होते, हे मान्य. परंतु घरी असलेल्या गुलामास मुक्त करावे, असे त्यात कोठेही नव्हते. १७७५ च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नराने, बंडखोर मालकांस सोडून आमच्याकडून लढेल त्या गुलामास स्वातंत्र्य देऊ, असे जाहीर केले, तेव्हा शेकडो गुलाम पळून इंग्रजांस मिळाले. त्यांना स्वातंत्र्य जेथे दिसले तेथे ते गेले. त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस वाटत नाही. जाहीरनाम्यात सर्व माणसे समान असल्याचे लिहिणारा जेफर्सन स्वतः शेकडो गुलामांचा धनी होता. ज्यांचे वेष घेऊन चहा बुडविला त्या मूळ रहिवाशांच्या जमिनी तर स्वातंत्र्यानंतर अधिकच झपाट्याने गेल्या.

'डार्टमथ' जहाजावर चहाखेरीज आणखी एक माल होता, तो फार थोड्यांस ठाऊक असतो. आफ्रिकेतून सात-आठ वर्षांची असताना पळवून १७६१ मध्ये बोस्टनच्या बाजारात विकलेली फिलिस व्हीटली नावाची मुलगी मालकाच्या घरी लिहावयास शिकली व कविता करू लागली. बोस्टनमध्ये कोणी छापावयास तयार होईना, म्हणून तिचे पुस्तक १७७३ मध्ये लंडनला छापले गेले, आणि त्याच्या प्रती त्या जहाजाने आल्या. चहा समुद्रात गेला. पुस्तके सुखरूप उतरली. सुमारे त्याच सुमारास तिला गुलामीतून मुक्तता मिळाली. १७८४ मध्ये ती दारिद्र्यात वारली.

अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ मध्ये, आपसांतील भयंकर युद्धानंतर. त्याची वार्ता पुण्यात एका गृहस्थाने फार मन लावून वाचली होती. टॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' तरुणपणी वाचलेले जोतीराव फुले ह्यांनी १८७३ च्या जूनमध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले, आणि ते गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले. बोस्टनच्या चहास त्या वर्षी शंभर वर्षे होत होती. त्यांनी ते चहा बुडविणाऱ्यांस अर्पण केले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मंडळाच्या वाचनालयाच्या यादीत ते पुस्तक आम्हांस आढळले नाही. आमच्यापाशी एक जादा प्रत आहे. ती ह्या अंकाबरोबरच चिटणीसांकडे पोचती करीत आहोत.